क्लासआधी घरातला सूर

चार-पाच वर्षांच्या मुलाला लगेच गाण्याच्या क्लासला घालायची घाई नको. आधी घरात सूर असू द्या. संध्याकाळी दहा मिनिटं मोबाइलवर तानपुरा लावा आणि स्वतः त्यात ‘सा’ लावून बसा. मुलाला ‘म्हण’ म्हणू नका. खेळता खेळता ते गुणगुणायला लागतं. पट्टी मात्र त्याच्या गळ्याला सोसेल अशीच निवडा. बाबांच्या खालच्या पट्टीत मुलाचा आवाज पोहोचत नाही आणि मग ‘याला सूरच नाही’ असा शिक्का बसतो, जो फार अन्यायाचा असतो.

लयीसाठी दादरा ताल घ्या. मात्रा, म्हणजे ठोके, सहाच: ‘धा धी ना, धा ती ना’. पहिल्या ‘धा’वर टाळी, दुसऱ्या ‘धा’वर टाळी न वाजवता हात बाजूला; या जागेला ‘खाली’ म्हणतात. हे म्हणत घरभर चालायला मुलांना मनापासून आवडतं. जमलं की आठ मात्रांचा केरवा.

पाहुण्यांसमोर ‘गाऊन दाखव’ हा आग्रह कटाक्षाने टाळा. लाजरी मुलं त्यानेच गाणं सोडतात. परीक्षांचं नंतर बघता येईल. पेटीला हात लावू द्या, भाता ओढू द्या, चुकीचे सूर वाजले तरी वाजू द्या.