भीड, भीक आणि ॲडव्हान्स

फ्रीलान्स लेखनात उतरल्यावर पहिली दोन वर्षं मी एकाही क्लायंटकडे आगाऊ पैसे मागितले नाहीत. मागायचे असतात हे माहीत नव्हतं असं नाही. मेसेज लिहायला घ्यायचे, 'काम सुरू करण्याआधी ५० टक्के...' इथवर यायचे आणि खोडून टाकायचे. समोरच्याला काय वाटेल? आपण नवे, आपलं नाव कुणाला ठाऊक नाही, हातात आलेलं काम गेलं तर? भीड ही भिकेची बहीण, हे शाळेत पाठ केलं होतं. ती बहीण माझ्याकडे मुक्कामाला आली ती एका वेबसाइटच्या कामातून.

काम बारा पानांचं होतं. कंपनीची ओळख, सेवांची पानं, नेहमी विचारले जाणारे प्रश्न वगैरे. फोनवरचा माणूस अगदी गोड. 'तुम्ही लिहायला घ्या हो, पैशांचं काय, बघू आपण!' आता हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. तेव्हा त्यात आपुलकी वाटली होती. तीन आठवडे लिहिलं. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. फाइलचं नाव आधी 'फायनल', मग 'फायनल नवी', मग 'फायनल नवी शेवटची'. त्यानंतर सगळं चिडीचूप. आठवड्याभराने उत्तर आलं की वरिष्ठांचा विचार बदललाय, साइट सध्या होल्डवर आहे. मी बिल पाठवलं. 'हो हो, अकाउंट्सला फॉरवर्ड केलंय.' अकाउंट्सवाले म्हणाले, साहेबांची सही राहिलीय. साहेब बाहेरगावी. पाच महिन्यांनी मी विचारणंच सोडलं. पुढे कधीतरी सहज ती साइट उघडली, तर सेवांच्या पानावर माझेच परिच्छेद! 'सल्लामसलत' लिहिताना माझा एक 'ल' राहून गेला होता, तोसुद्धा तसाच.

तो माणूस लबाड होता असं मला आजही वाटत नाही. त्याच्याकडे खर्चाची मंजुरीच नव्हती. मंजुरी यायच्या आधी त्याने काम काढलं आणि त्यातली जोखीम नकळत माझ्या गळ्यात अडकवली. मी नुसते दहा टक्के जरी आधी मागितले असते, तरी त्याला अकाउंट्सकडे जावं लागलं असतं, तो तिथे अडला असता आणि मला पहिल्याच दिवशी कळलं असतं की हे काम अजून ठरलेलंच नाही. ॲडव्हान्स म्हणजे अविश्वास, असं नवे लेखक धरून चालतात. माझ्या लेखी ती चाचणी आहे. समोरच्याचं खरंच ठरलंय का, आणि पैसे सोडायचा अधिकार त्याला आहे का, हे दोन्ही तिथे कळतं. पैसे सुरक्षित होतात तो भाग नंतरचा.

म्हणून कुणी विचारलं की ॲडव्हान्स मागावा का, तर मी म्हणते मागावा, नव्या क्लायंटकडे तर मागावाच. किती, हे कामावर. दोन-तीन दिवसांचं काम असेल तर मी पूर्ण रक्कम आधी घेते. एवढ्याशा कामाचे हप्ते पाडले तर लिहिण्यापेक्षा बिलं करण्यातच वेळ जातो. दोन-तीन आठवड्यांचं असेल तर निम्मे आधी, निम्मे नंतर. त्याहून मोठ्याचे तीन भाग करते: ३० टक्के सुरुवातीला, ४० पहिला खर्डा दिल्यावर, ३० शेवटी. टक्क्यांत पाच-दहा इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. मी मोजते ते वेगळंच: आत्ता या घडीला माझं किती दिवसांचं बिनपैशाचं काम त्यांच्याकडे पडलंय? ते शक्यतो आठवडा-दीड आठवड्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. बुडालंच तर आठवडा-दीड आठवडा बुडेल, तीन आठवडे नाही.

खरी मेख शेवटच्या हप्त्यात असते. 'साइट लाइव्ह झाल्यावर' किंवा 'प्रकाशित झाल्यावर' उरलेले देऊ, या अटीला मी एकदा हो म्हटलं आणि साइट लाइव्ह व्हायला आठ महिने लागले. डिझायनर पळाला, नवा आला, त्याने रंग बदलले. या कशाशीही माझा संबंध नव्हता, पण पैसे माझे अडकले. तेव्हापासून अट अशी लिहिते: अंतिम मजकूर दिल्यापासून १५ दिवसांत, साइट सुरू होवो न होवो. त्याच ओळीत दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, असंही. फेऱ्यांना आकडा नसला की 'अंतिम' हा शब्द नुसता नावाला उरतो, आणि शेवटचा हप्ता त्या शब्दालाच बांधलेला असतो.

मागायचं कसं, यावर लोक उगाच अडखळतात. माझा मेसेज साधारण असा असतो: 'ठरल्याप्रमाणे चार लेख, प्रत्येकी सुमारे १००० शब्द, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. बिल सोबत जोडलंय. त्यातले ५० टक्के जमा झाले की सोमवारी काम हातात घेते, पहिला लेख शुक्रवारी मिळेल.' बस. यात माफी नाही, 'गैरसमज नसावा' नाही, आणि मागे मला कुणी कसं बुडवलं त्याची कहाणी तर मुळीच नाही. तारीख मात्र पैशांना बांधलेली आहे. पैसे उशिरा आले तर शुक्रवारही पुढे सरकतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

'आमच्याकडे ॲडव्हान्सची पद्धत नाही' असं उत्तर येतंच. वाद घालू नका. 'मग आधी एकच लेख करू, त्याचे पैसे आले की पुढचे तीन,' असं सुचवा. ज्यांना काम हवंय ते बहुतेक तयार होतात. जे यालाही नाही म्हणतात, त्यांचं काम मी सोडते. सुरुवातीला हे जिवावर येतं, खोटं कशाला बोलू.

मोठ्या कंपन्यांचं जरा निराळं आहे. तिथे आधी व्हेंडर, म्हणजे पुरवठादार, म्हणून नोंदणी, मग बिलानंतर ३० किंवा ६० दिवसांनी पैसे, आणि हे बदलणं तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाच्या हातात नसतं. तिथे मी ॲडव्हान्सवर अडून बसत नाही, परचेस ऑर्डर, म्हणजे कामाची आणि रकमेची लेखी ऑर्डर, मागते. ती हातात आली म्हणजे खर्च मंजूर झालाय; चाचणीचं काम झालं. वर्तमानपत्रं आणि मासिकांकडे लेखासाठी ॲडव्हान्स मागायला जाऊ नका, तशी रीत नाही. तिथे विचारायचं ते हे की मानधन लेख स्वीकारल्यावर की छापून आल्यावर, आणि सांगून लिहून घेतलेला लेख छापलाच नाही तर काय. काही ठिकाणी अशा वेळी 'किल फी' म्हणून ठरलेल्या रकमेचा काही हिस्सा देतात. पुस्तकांत, निदान इंग्रजीत, आगाऊ मानधन मुरलेलं आहे: थोडं करारावर सही होताना, थोडं हस्तलिखित दिल्यावर, कधी उरलेलं प्रकाशनाच्या वेळी.

अपवर्क किंवा फायवरसारख्या, फ्रीलान्सर आणि ग्राहकांची गाठ घालून देणाऱ्या साइट्सवर सहसा ॲडव्हान्स मागायची वेळ येत नाही, कारण ठरीव रकमेच्या कामात ग्राहक पैसे आधी मध्यस्थ साइटकडे ठेवतो. पण अपवर्कवर ठरीव रकमेचं काम असेल तर त्या टप्प्याचे पैसे खरोखर भरलेत का, हे बघूनच लिहायला बसा. नुसता करार झाला म्हणजे पैसे भरले असं होत नाही. काम रीतसर सादर केल्यावर ग्राहक गप्प बसला, तर १४ दिवसांनी पैसे आपोआप सुटतात. मात्र फाइल नुसती चॅटमध्ये टाकली तर ती सादर केली असं धरत नाहीत.

ॲडव्हान्स खात्यात आला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. पेपॅलवर पैसे देणारा १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो, म्हणून ठरलेल्या गोष्टी आणि दिलेल्या फाइली जपून ठेवा. अनोळखी क्लायंटने ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवला आणि 'चुकून जास्त गेले, वरचे परत करा' म्हणाला, तर एक पैसाही परत करू नका. हा जुना डाव आहे: चेक वटत नाही आणि तुम्ही परत केलेले पैसे तेवढे खरे असतात. कामाआधी 'नोंदणी शुल्क' मागणाराही त्याच जातीचा.

आपलीही एक खोड सांगते. ॲडव्हान्स मिळायला लागल्यावर मी एका महिन्यात तीन कामांचे घेतले आणि खर्च करून मोकळी झाले. पुढचा सगळा महिना राबण्यात गेला, येणं जवळजवळ शून्य. ही खोड जुनीच आहे. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनने १७४६ मध्ये इंग्रजी शब्दकोशाचा करार केला तो १५०० गिनींचा (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त). पैसे हप्त्याहप्त्याने उचलत गेला, कोश निघाला १७५५ मध्ये, आणि शेवटी हिशेब झाला तेव्हा त्याने शंभर पौंडांहून अधिक जास्तच उचलल्याचं निघालं. आता ॲडव्हान्स मी वेगळ्या खात्यात ठेवते आणि काम पुढे सरकेल तसा त्यातून काढते. काम मध्येच रद्द झालं तर झालेल्या भागाचे पैसे ठेवून उरलेले परत, हेही पहिल्या मेसेजमध्येच असतं.

पहिल्यांदा तो मेसेज न खोडता पाठवला तेव्हा मी फोन पालथा घालून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले होते. वीस मिनिटांनी धीर करून पाहिलं. उत्तर आलं होतं: 'बिलावर आमच्या कंपनीचं नाव चुकलंय. दुरुस्त करून पाठवा, आजच पैसे सोडतो.'