बागेचं चित्र एक्सप्रेशनिस्ट स्टाईलने कसं रंगवायचं

एक्सप्रेशनिस्ट स्टाईल म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं नाही, तर मनाला जाणवतं तसं रंगवणं. म्हणून सगळ्यात आधी ट्यूबमधला तयार हिरवा उचलून बाजूला ठेवा, कारण तो हाताशी असला की झाड दिसलं की हात आपोआप तिकडेच जातो. त्याऐवजी बागेसमोर बसून ठरवा की ऊन कुठल्या रंगाचं आणि सावली कुठल्या रंगाची. माझं विचाराल तर ऊन पिवळं-केशरी आणि सावली निळी-जांभळी, बास, हिरवा लागलाच तर पॅलेटवर मिसळून थोडासाच.

या स्टाईलचे चित्रकार वासिली कांडिन्स्की आणि गाब्रिएले म्युंटर १९०८ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या मुर्नाऊ गावी गेले, पुढच्या वर्षी म्युंटरने तिथं घरच घेतलं. तिकडे काचेच्या मागच्या बाजूने चित्रं रंगवायची लोककला होती, जाड काळी रेघ आणि आत सपाट भडक रंग, तीच गोष्ट या दोघांनी उचलली आणि आपल्यालाही ती लगेच जमण्यासारखी आहे. मोठ्या फ्लॅट ब्रशने चार-पाच आकारच टाका, पानं रंगवत बसू नका. लाल-हिरवा, पिवळा-जांभळा शेजारी शेजारी ठेवा पण ओले असताना एकमेकांत जाऊ देऊ नका, नाहीतर चिखल होतो, मध्ये कॅनव्हासची बारीक पांढरी फट सोडली तरी चालतं, उलट छान दिसते. मध्येच मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढून बघा, सगळं एकाच करड्या टोनमध्ये आलं तर एखादा आकार बिनधास्त गडद करा.

आता अ‍ॅबस्ट्रॅक्शन. म्हणजे ओळखीचे आकार कमी करत नुसत्या रंग-रेषांकडे जाणं. यासाठी दुसरं चित्र बागेकडे न बघता पहिल्या चित्रावरून काढा आणि तिसरं दुसऱ्यावरून, प्रत्येक वेळी काहीतरी आपोआप गळतं आणि जे टिकतं तेच तुम्हाला त्या बागेत खरं जाणवलेलं असतं, मला तरी ही पायरी सगळ्यात जास्त आवडते. फक्त एखादी खूण राहू द्या, कुंपण म्हणा, पायवाट म्हणा. कांडिन्स्कीचं १९१२ चं 'इम्प्रोव्हायझेशन २७' बघा, त्याचं दुसरं नाव 'गार्डन ऑफ लव्ह २', न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियममध्ये आहे आणि त्यांच्या साईटवर झूम करून बघता येतं. मधोमध मोठा पिवळा सूर्य, आजूबाजूला मिठीत असलेली जोडपी, एक साप, आणि हे सगळं हळूहळू सापडत जातं, आधी दिसतो तो नुसता रंग.

काळ्या रेघा शेवटी, खालचा रंग पूर्ण वाळल्यावरच मारा, आणि सगळ्या आकारांना नको, जिथे नजर थांबावी असं वाटतं तिथेच.