मुंबई पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जाण्याआधी

ताप, खोकला, ड्रेसिंग यांसाठी थेट परळचं केईएम किंवा शीवचं रुग्णालय गाठू नका. जवळच्या पालिका दवाखान्यात काम होतं. तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे योग्य विभाग शोधायलाही उपयोगी पडते.

ओपीडीला सकाळी लवकर पोहोचा. आधी केसपेपर काढायचा, मग विभागाची रांग. काही विशेष विभागांची ओपीडी ठरावीक वारीच असते, त्यामुळे वार आधी विचारा, नाहीतर हेलपाटा ठरलेलाच. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. चालू गोळ्यांची पाकिटंही सोबत ठेवा, नुसता रंग सांगून डॉक्टरांना औषध कळत नाही.

शस्त्रक्रिया सांगितली तर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार लागतं. बहुतेकदा गाडं अडतं ते दोन्हींवरच्या नावांत फरक असल्यानं. मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यायची असते. शंका असल्यास योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर विचारा.

छातीत कळ, अपघात, बेशुद्धी असेल तर ओपीडी नाही, थेट अपघात विभाग. रुग्णवाहिकेसाठी 108, मोफत.