डोमेन धोरण आणि सुरक्षेच्या कामात येताना

या क्षेत्रात कुणी नेटवर्क सांभाळून येतं, कुणी कायदा शिकून. काम मात्र दोन्हींच्या सांध्यावर चालतं. डीएनएस (नावावरून साइटचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) न कळणारा माणूस अमलात न येणारे नियम लिहितो आणि करार न वाचलेला तंत्रज्ञ भलत्याच दाराशी तक्रार घेऊन जातो.

म्हणून आधी साखळी पक्की करा. नाव घेतो तो रजिस्ट्रंट, नोंदणी करून देतो तो रजिस्ट्रार (मध्ये कधी रीसेलरही असतो) आणि डॉट कॉमसारख्या शेवटाची मूळ यादी सांभाळते ती रजिस्ट्री. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्री आणि रजिस्ट्रार यांच्याशी करार करते ती १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था. देशांच्या दोन अक्षरी डोमेनना हे करार लागत नाहीत, त्यांचे नियम वेगळे. साइटच्या फाइल्स ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीचं काम यातलं नाहीच, आणि नवखे सर्वांत जास्त चुकतात ते इथे.

समजा, बँकेचं खोटं लॉगिन पान सापडलं. आधी आरडॅपवर (डोमेनच्या नोंदणीची माहिती देणारी सेवा) नोंदणीची तारीख पाहा. नाव दोन दिवसांपूर्वी घेतलेलं आणि बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं असेल, तर ते फसवणुकीसाठीच घेतलेलं असण्याची शक्यता मोठी, तक्रार रजिस्ट्रारकडे. नाव आठ वर्षं जुनं, मुख्य पान एखाद्या खऱ्या दुकानाचं आणि खोटं पान कुठल्यातरी खोल फोल्डरमध्ये असेल, तर साइट हॅक झालेली असते. तेव्हा होस्टिंग कंपनी आणि साइटचा मालक यांना कळवायचं. अशा वेळी रजिस्ट्रारने ‘क्लायंट होल्ड’ (नाव थांबवून ठेवणारी खूण) लावला, तर नाव झोनमधूनच (त्या शेवटाच्या डीएनएस नोंदींच्या यादीतूनच) निघतं आणि त्या दुकानाची ईमेल, सगळी सबडोमेन, सगळंच बंद पडतं. निरपराध माणसाचा धंदा बुडवणारी ही चूक टाळणं हे तुमचं खरं कौशल्य.

तक्रारीत पूर्ण यूआरएल, स्क्रीनशॉट, यूटीसीमधली (जागतिक प्रमाणवेळेतली) वेळ आणि ईमेल असेल तर तिचे संपूर्ण हेडर (ती कुठून कशी आली ते सांगणाऱ्या ओळी) द्या. आयकॅन आणि रजिस्ट्रार यांच्या करारातल्या, ५ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार फिशिंग (खोट्या पानावर माहिती काढून घेणं), मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या संगणकांचं जाळं), फार्मिंग (लोकांना नकळत खोट्या साइटवर वळवणं) आणि त्यांचा प्रसार करणारा स्पॅम यांवर पुरेसा पुरावा मिळाल्यास रजिस्ट्रारला पावलं उचलावीच लागतात. कॉपीराइट त्यात येत नाही. ट्रेडमार्कसाठी १९९९ची यूडीआरपी ही डोमेन नावांचे वाद सोडवण्याची पद्धत आहे. तिथे नावातलं साम्य, समोरच्याचा हक्क नसणं आणि नोंदणी व वापर या दोन्हींतला वाईट हेतू, हे तिन्ही मुद्दे सिद्ध करावे लागतात.

तांत्रिक बाजूने डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करून ती खरी आहेत का हे तपासण्याची पद्धत) हाताने चालवून पाहा, नुसतं वाचून ते अंगात मुरत नाही. नेहमीचा अपघात असा: डीएनएस सेवा बदलली, पण वरच्या झोनमधली जुनी डीएस नोंद (खालच्या झोनच्या सहीची किल्ली ओळखायची खूण) तशीच राहिली. मग पडताळणी करणारे रिझॉल्व्हर (आपल्यासाठी डीएनएसची उत्तरं शोधणारे सर्व्हर) ‘सर्व्हफेल’ ही चूक देतात, न करणाऱ्यांकडे साइट छान दिसते आणि ‘आमच्याकडे तर चालतंय’ असा वाद सुरू होतो. पडताळणी करणाऱ्या रिझॉल्व्हरला ‘डिग’ने (डीएनएसला प्रश्न विचारायची आज्ञा) आधी साधा प्रश्न विचारा, मग ‘प्लस सीडी’ (पडताळणी करू नको) लावून. दुसऱ्या प्रश्नालाच उत्तर आलं, तर दोष सहीच्या साखळीत आहे. सोपा क्रम असा: डीएस काढा, तिचा टीटीएल, म्हणजे ती इतरांच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहते तो काळ (डॉट कॉममध्ये २४ तास), उलटू द्या, नेमसर्व्हर (तुमच्या डीएनएस नोंदी देणारे सर्व्हर) बदला, जुन्या नोंदी कॅशमधून जाईपर्यंत थांबा, मगच नवी डीएस घाला.

वाचनाची सुरुवात १९८७च्या आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक कागदपत्रांची मालिका) १०३४ आणि १०३५ने करा. आयकॅन लर्नवरचे अभ्यासक्रम मोफत आहेत. आयकॅनची फेलोशिप आणि विद्यार्थ्यांसाठीचा नेक्स्टजेन कार्यक्रम हे प्रवेशाचे चांगले मार्ग, पण त्यांची वाट पाहत बसू नका. आयकॅनच्या वर्षातून तीन होणाऱ्या सार्वजनिक बैठकांना घरून हजर राहता येतं आणि धोरणांच्या मसुद्यांवर कुणीही टिप्पणी पाठवू शकतं. पहिल्या टिप्पणीसाठी एकच कलम निवडा: कुणी, किती वेळात, काय करायचं आहे, आणि साखळीतल्या त्या जागेवरून ते करता तरी येतं का, एवढंच त्यात तपासा.