लिंबूवर्गीय फळांच्या जागतिक परिषदेला जाण्याआधी आणि आल्यावर: संत्रा बागायतदारांसाठी

इंटरनॅशनल सिट्रस काँग्रेस साधारण दर चार वर्षांनी भरते. २०२० ची परिषद कोविडमुळे लांबली आणि २०२२ मध्ये तुर्कस्तानात मेर्सिनला झाली; पुढची २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर. नागपुरातही २०२३ मध्ये एशियन सिट्रस काँग्रेस भरली होती. तिथे मिळणारा सल्ला चांगलाच असतो, पण तो दुसऱ्या जमिनीतल्या, दुसऱ्या खुंटावरच्या (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) झाडासाठी दिलेला असतो. आपल्या बागेचे आकडे हाताशी नसतील, तर त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवता येत नाही.

म्हणून निघण्याच्या दोन-तीन महिने आधी पान आणि माती तपासून घ्या. पाने ५ ते ७ महिने वयाची, फळ नसलेल्या फांदीवरची, शेंड्याकडून दुसरे ते चौथे. झाडाच्या चारही बाजूंनी, छातीच्या उंचीवरून तोडा आणि कागदी पिशवीत पाठवा. प्लॅस्टिकमध्ये ती घामेजून कुजतात. नुकतीच झिंक किंवा तांब्याची फवारणी झाली असेल तर थांबा, नाहीतर अहवालात पानातले नव्हे, पानावरचे औषध मोजले जाईल. माती झाडाच्या घेराखालून घ्या, ० ते ३० आणि ३० ते ६० सेंमी असे दोन थर वेगळे ठेवून. सामूबरोबर (pH) मुक्त चुन्याचे प्रमाणही मागून घ्या. विदर्भातल्या काळ्या जमिनीसाठी हा आकडा फार महत्त्वाचा आहे. परदेशात जागोजागी नावाजला जाणारा कॅरिझो खुंट चुनखडीच्या जमिनीत लोह नीट उचलत नाही आणि झाड पिवळे पडते. आपल्याकडे जंबेरी किंवा रंगपूर लाइमवर कलमे बांधतात. वक्त्याला पहिला प्रश्न खुंटाचा विचारा, दुसरा जमिनीच्या सामूचा.

रोगाचे निदान हवे असेल तर फोटो न्या: पूर्ण झाड, एकेक पान, आणि माती बाजूला सारून दिसणारा कलमाचा जोड व बुंधा. डिंक असेल तर तो तिथेच दिसतो. पिवळ्या पानाचा फोटो काढण्याआधी मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पेनाने समोरासमोर सारखे गोल काढा. दोन्ही गोलांतला रंग सारखा असेल तर बहुतेक वेळा झिंक किंवा मँगनीजची कमतरता. एका बाजूला पिवळा डाग आणि समोर हिरवे, असे असेल तर ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाचा संशय धरून प्रयोगशाळेत तपासणी करावी. २००५ मध्ये हाच रोग फ्लोरिडात सापडला आणि तिथला संत्रा-उद्योग कोसळला.

शब्दांचा घोळ बराच होतो. परिषदेत ‘ऑरेंज’ म्हणजे मोसंबीच्या जातकुळीतले फळ. आपला संत्रा तिथे ‘मँडरिन’ असतो आणि कागदी लिंबू ‘लाइम’ असते, ‘लेमन’ नव्हे. चुकीच्या सत्रात बसलात तर अर्धा दिवस जातो.

खताचे आकडे हेक्टरी सांगतात. ते प्रति झाड करून घ्या. समजा, ६ × ३ मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी १५० किलो नत्र दिले. तिथे हेक्टरी ५५५ झाडे, म्हणजे झाडाला २७० ग्रॅम. आपली ६ × ६ मीटरची बाग २७७ झाडांची. हेक्टरी आकडा तसाच उचलला तर झाडाला ५४० ग्रॅम पडेल. महिनेही तसेच उचलू नका. ब्राझीलचा वसंत सप्टेंबरात असतो, आणि आपल्याकडे आंबिया, मृग असे फुलोऱ्याचे वेगवेगळे हंगाम, म्हणजे बहार, धरतात. ‘फुलोऱ्यानंतर किती दिवसांनी?’ असे विचारा.

बागभेटीत वापरलेले बूट घरच्या बागेत आणू नका. आणायचेच तर आधी तळव्याची माती ब्रशने पूर्ण काढा, मग जंतुनाशकात बुडवा. चिखलाच्या थराखाली औषध पोहोचत नाही. आणि कुणी कितीही प्रेमाने दिली तरी डोळकाडी (कलमासाठी डोळे घेतात ती काडी), रोप, बी किंवा फळ पिशवीत टाकू नका. ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा हा विषाणूरोग कलमाच्या डोळ्यातून पसरतात, आणि काडी कित्येक महिने निरोगी दिसते. नवीन वाण हवाच असेल तर आयात परवाना, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि विलगीकरण याच वाटेने आणायचा. हा नियम मोडणारा एकटा बागायतदार अख्ख्या तालुक्याच्या बागा धोक्यात घालतो.

परत आल्यावर एका वेळी एकच बदल करून पाहा. एकाच वयाची, एकाच खुंटावरची २० झाडे निवडा. १० झाडांना नवी पद्धत, शेजारच्या १० ना नेहमीची. प्रत्येक झाडाची फळे मोजा आणि वजन करा. संत्र्याला एक वर्ष भरघोस आणि पुढचे हलके जाते, त्यामुळे एका बहारावरून निर्णय घेऊ नका; किमान दोन बहारांची नोंद ठेवा.