काळा कोट काढण्यापूर्वी

वकील मैत्रिणी विचारतात, विधानसभेला उभं राहायचं तर सुरुवात कुठून करू? कागदांपासून, बाई. भाषण नंतर.

सरकारी वकिलांच्या पॅनेलवर असाल तर आधी राजीनामा द्या. लाभाच्या पदाचा, म्हणजे उमेदवाराला अपात्र ठरवू शकणाऱ्या सरकारी पदाचा वाद अर्जांच्या छाननीच्या टेबलावर झेपत नाही. खासगी वकिलीची मात्र अडचण नाही. आमदारांना वकिली करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

मग नमुना 26, म्हणजे उमेदवाराने मालमत्ता, कर्जं, गुन्हे यांची माहिती देण्याचं शपथपत्र. दुसऱ्यांची शेकडो प्रतिज्ञापत्रं केली म्हणून मी स्वतःचं रात्री अकराला भरायला बसले आणि नवऱ्याच्या कर्जाच्या रकान्यावरच अडकले. नवऱ्याला झोपेतून उठवावं लागलं! एकही रकाना कोरा ठेवू नका. 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. कोरा रकाना सांगूनही भरला नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

अपक्ष असाल तर सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारे, दहा, आणि ते त्याच मतदारसंघातले मतदार. मी चौदा सह्या घेतल्या होत्या. दोघांची नावं यादीत सापडलीच नाहीत. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी.

खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडा. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा. हरलात तरी.

आणि प्रचारात 'सदर इसम' म्हणू नका. मी म्हणाले होते.