सातवीच्या बाकावर एक दिवस

मुख्याध्यापक मित्रमैत्रिणींनो, वर्षातून एक दिवस तरी सातवीच्या वर्गात विद्यार्थी होऊन बसा. मी परळच्या आमच्या शाळेत हे केलं, म्हणून सांगते.

आधी एक मूल निवडा. पहिल्या नंबरचं नको, दंगेखोरही नको. मधल्या बाकावरचं, ज्याचं नाव आपल्याला पटकन आठवत नाही असं. त्याची आणि पालकांची परवानगी घ्या. शिक्षकांना आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा की ही तपासणी नाही, नाहीतर सगळे तास सजवले जातील.

दिवस शाळेच्या फाटकापासून नको, त्याच्या दारापासून सुरू करा. मी निवडलेली मुलगी शिवडीहून चालत येते. तिच्या दप्तराइतक्याच वजनाचं दप्तर मी पाठीला लावलं. २०२०च्या दप्तर धोरणानुसार ओझं मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. तिचं वजन ३४ किलो, दप्तर साडेपाच. शाळेच्या जिन्यावरच माझे खांदे भरून आले.

मग पूर्ण वेळ शेजारी बसा. मोबाईल ऑफिसात. फळ्यावरचं उतरवून घ्या, गृहपाठ लिहा, पाणी प्यायला विचारूनच जा. मधल्या सुट्टीत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या रांगेतच आमची निम्मी सुट्टी संपली, डबा अर्धा राहिला. ती म्हणाली, "बाई, म्हणून मी पाणीच पीत नाही." इतक्या वर्षांत हे माझ्यापर्यंत कुठल्याच अहवालातून पोचलं नव्हतं.

त्याच रात्री दोनच बदल ठरवा, जास्त नकोत. आम्ही सुट्टी १० मिनिटांनी वाढवली आणि वह्या ठेवायला वर्गात कपाट दिलं. १५ दिवसांनी त्या मुलालाच विचारा, फरक पडला का.